वीणेचे वेड

वादकाचे चित्र काढू पाहणाऱ्या चित्रकाराच्या हाती फार थोडे लागते. तारेवर टेकलेली बोटे, किंचित कललेली मान, मिटलेले डोळे. नाद मात्र कागदावर उतरत नाही. बहुतेक चित्रकार ही मर्यादा मान्य करतात. म्हैसूरच्या के. व्यंकटप्पांना ती मानवली नाही.

१८८६ साली जन्मलेले व्यंकटप्पा कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकुरांपाशी शिकले. भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या पुराणकथांच्या ग्रंथात त्यांची चित्रे आहेत. एवढा नावलौकिक असलेला हा चित्रकार म्हैसुरास परतल्यावर वीणा शेषण्णांपुढे शिष्य होऊन बसला.

शेषण्णा (१८५२–१९२६) हे म्हैसूर दरबारचे वैणिक आणि स्वरजती व तिल्लाने यांचे रचनाकार. मराठी मुलखाला हे नाव परके नव्हते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी त्यांना पालखीचा मान दिला. पण म्हैसुरातील मिरवणुकीत त्यांनी पालखीत वीणा ठेवली आणि आपण पायी चालले, अशी आख्यायिका आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसच्या वेळीही त्यांचे वादन झाले.

वाद्याला स्वतःहून थोर मानणाऱ्या अशा गुरूपाशी अर्ध्या मनाने शिकणे शक्य नव्हते. वीणा रोजची साधना मागते. ती वेळ आणणार कोठून? कुंचल्याच्याच वाट्यातून! हा ताण व्यंकटप्पांनी लपविला नाही. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्राचे नावच ‘मॅड आफ्टर वीणा’ असे आहे. दुरून न्याहाळलेला वादक हा त्याचा विषय नव्हे. वीणेने झपाटलेला चित्रकार हा त्याचा विषय. इतक्या मोकळ्या मनाने स्वतःवरच आरोप ठेवणारे कलावंत विरळाच.

मात्र हा व्यवहार केवळ तोट्याचाच झाला, असे म्हणता येत नाही. त्यांची उटकमंडची जलरंगातील निसर्गचित्रे पाहावीत. धुके, डोंगर, ओसरता प्रकाश यांत एक छटा दुसरीत अशी विरते, की वीणेच्या पडद्यावर तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात अलगद जाणारे बोट आठवावे.

१९४० साली आश्रयदाते कृष्णराज वडियार निवर्तले. त्यानंतर व्यंकटप्पा बंगळुरास आले आणि १९६५ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच एकाकी, अविवाहित राहिले. पुढे त्याच शहरात, कब्बन पार्कलगत, त्यांच्या नावाचे कलादालन उभे राहिले. तेथे त्यांची चित्रे जतन झाली. वर्षानुवर्षे घोटलेले वादन मात्र त्यांच्याबरोबरच गेले. आणि ते जाणार, हे ठाऊक असूनच त्यांनी आपली वर्षे त्याला दिली होती.