वस्ताद आणि शिष्य : देहविद्येच्या इतिहासाचे एक साधन

भांदक ऊर्फ भद्रावती येथील इतिहासाचा विचार होतो तो बहुधा विजासनची लेणी, जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळ यांच्या अनुषंगाने. मूर्ती व शिलालेख यांत गुंतलेल्या अभ्यासकाचे लक्ष नागपंचमीच्या दुसऱ्या अंगाकडे क्वचितच जाते. महाराष्ट्रात हा दिवस नागपूजेइतकाच कुस्तीचाही आहे. आखाड्याची जागा दाखविता येते, तेथील मारुतीही दाखविता येतो. वस्तादाचे मात्र काहीच मागे उरत नाही. त्याची विद्या शिष्याच्या देहात असते आणि देहाबरोबर ती जाते.

एकेका व्यक्तीचा आहार, श्रम व विश्रांती ठरवून देणारा शिक्षक ही अलीकडची कल्पना आहे, असा समज आढळतो. तो टिकण्यासारखा नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांचे वर्ग, त्यांचे अन्न आणि श्रम यांचे विवेचन आहे. खांबावरील व्यायामाचा उल्लेखही तेथे येतो.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. कारण मल्लखांबाचे जनकत्व परंपरेने दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांकडे दिले आहे. अली व गुलाब या निजामाच्या मुलखातील मल्लांचे आव्हान स्वीकारून दादांनी वणीच्या सप्तशृंगीवर अनुष्ठान केले आणि वानरांच्या हालचालींवरून ही विद्या सिद्ध केली, अशी आख्यायिका आहे. मानसोल्लासातील उल्लेख पाहता तिचा शब्दशः स्वीकार करता येत नाही. पण म्हणून ती टाकून द्यावी, हेही मला मान्य नाही. शिष्यपरंपरेने चालणाऱ्या विद्येस मूळ पुरुष लागतो, ‘कोणाचा शिष्य?’ या प्रश्नाचे उत्तर कोठेतरी थांबावे लागते. दादांपाशी ते दैवताशी जाऊन थांबते, इतकेच. एरवी पुनरुज्जीवनाचे त्यांचे श्रेय अबाधितच राहते.

विसाव्या शतकात या संबंधाचे स्वरूप पालटले. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य, म्हणजे जुन्या पद्धतीनेच घडलेले. परंतु पुढे शेकडो मुलांना एका आज्ञेसरशी हालविणाऱ्या सांघिक व्यायामाचा पुरस्कार त्यांनीच केला. अमरावतीस वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान आखाडा काढला. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. त्याच्या पथकाने 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याहून मुजुमदारांच्या संपादनाखाली निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाने तर वस्तादाच्या तोंडची विद्या दहा खंडांत छापून काढली. लाभ उघड होता : विद्या घराण्याच्या व गावाच्या कुंपणाबाहेर आली. हानीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. या पोराचा खांदा दुखावला आहे, त्यास आज जोर नकोत, हे ग्रंथ सांगू शकत नाही. शिवाय वस्तादाने एक डाव राखून ठेवावा हा जुना संकेत. तो राखलेला डाव ग्रंथात येण्याचा प्रश्नच नव्हता.

चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे 2018 मध्ये एव्हरेस्ट सर केले. या मोहिमेच्या निवडीची व सरावाची नोंद शासकीय कागदांतून मिळू शकेल. आखाड्याची तशी मिळणार नाही. यास्तव भद्रावती, वरोरा, चिमूर या भागांतील वृद्ध मल्लांकडे आपल्या विद्यार्थ्यांनी वेळीच गेले पाहिजे. किती कुस्त्या मारल्या हे विचारण्यापूर्वी वस्ताद कोण, त्याचा वस्ताद कोण, पहिल्या दिवशी त्याने काय करावयास लावले आणि गुरुपौर्णिमेस त्यास काय दिले, हे विचारावे.