राजधानी पाहावी कशी?

गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त दक्षिण अमेरिकेंतील ब्युनॉस आयर्स या राजधानीच्या नगरांत जाऊन राहिला. तेथून त्याचें सविस्तर पत्र आलें. पत्रांत हवापाण्याचें वर्णन थोडें, आणि मी तेथें कधीं गेलोंच तर काय करावें याच्या सूचना पुष्कळ होत्या. ‘सर, रात्रीं नवाच्या आंत जेवावयास निघूं नका, येथें त्या वेळीं कोणी जेवत नाहीं,’ ही पहिली सूचना. दुसरीनें मात्र मला विचारांत पाडलें. ‘मे चौक पाहावयाचा तर गुरुवारीं दुपारींच पाहावा,’ असें त्यानें लिहिलें होतें. त्या चौकाच्या एका अंगास अध्यक्षांचा गुलाबी प्रासाद आहे आणि समोर स्पॅनिश अमदानींतील जुनी नगरसभा आहे. २५ मे १८१० रोजीं स्पेनच्या राजप्रतिनिधीस दूर सारून आपलें मंडळ नेमावें म्हणून लोक जमले ते येथेंच. पुढें १९७६ सालीं लष्करानें सत्ता बळकाविली आणि सहस्रावधि माणसें नाहींशीं केलीं. तेव्हां ‘आमचीं मुलें कोठें आहेत?’ एवढेंच विचारीत, डोक्यास पांढरा रुमाल बांधलेल्या आया १९७७ पासून फेऱ्या घालूं लागल्या त्याहि येथेंच. ती गुरुवारची फेरी अजून चालू आहे. ‘इमारती रोज दिसतात, राजधानी गुरुवारीं दिसते,’ असें लिहून त्यानें पत्र संपविलें होतें.

तें वाक्य वाचून पलूसास बसल्याबसल्या मला साताऱ्याची आठवण झाली. पलूस आज सांगली जिल्ह्यांत आहे. परंतु १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघेपर्यंत आमचें जिल्ह्याचें ठाणें सातारा हेंच होतें. त्या दक्षिण साताऱ्यासच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. आमचे आजोबा एका जमिनीच्या दाव्यासाठीं कित्येक वेळां साताऱ्यास गेले. निकाल काय लागला हें घरांत आज कोणास आठवत नाहीं. पण ‘दाद मागावयाची तर साताऱ्यास’ हें त्यांचें बोलणें सर्वांस आठवतें. राज्य बुडून शंभर वर्षें होत आलीं होतीं, तरी त्यांच्या मनांतून राजधानी गेली नव्हती.

आज आमच्याकडील मंडळी सातारा पाहावयास जातात ती कशी? सकाळीं मोटारीनें अजिंक्यताऱ्याच्या दरवाजापाशीं उतरावयाचें, अर्ध्या घटकेंत छायाचित्रें काढावयाचीं, हंगाम असेल तर कासच्या पठारावरील फुलें पाहावयाचीं, मोती चौकांत कंदी पेढे घ्यावयाचे आणि दिवेलागणीस घरीं परतावयाचें. पेढ्यांविषयीं माझी तक्रार नाहीं. ते मीहि घेतों. परंतु एवढ्यावर सातारा पाहिला असें म्हणणें म्हणजे पुस्तकाची बांधणी पाहून तें वाचलें असें म्हणण्यासारखें आहे. राजा राहतो तें गांव राजधानी, ही व्याख्या आपण शाळेंत शिकतों. प्रजा जेथें आपलें मागणें घेऊन जाते तें गांव राजधानी, ही व्याख्या मला अधिक खरी वाटते. त्या दृष्टीनें सातारा कसा पाहावा, हें विद्यार्थ्यांस अनेक वर्षें तेथें नेऊन मला जें सुचलें त्यावरून सांगतों.

पहिली गोष्ट, जावें तें आगगाडीनें, आणि तेंहि ठिकठिकाणीं थांबणाऱ्या साध्या गाडीनें. किर्लोस्करवाडीस बसलें कीं ताकारी, शेणोली, कराड, मसूर, रहिमतपूर, कोरेगांव करीत गाडी साताऱ्यास पोहोंचते. वेळ अधिक लागतो, पण तो वायां जात नाहीं. यांतील एका स्टेशनाची गोष्ट परततांना सांगावयाची आहे. साताऱ्याचें स्टेशन शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे, म्हणून प्रवासी कुरकुर करितात. शहाण्यानें तोच लाभ समजावा, आणि गड सोडून प्रथम नदीवर जावें.

माहुलीस कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. पावसाळा सोडून जावें. पुराच्या दिवसांत नदीकांठचीं स्थानें पाण्यांत असतात. येथें शाहू छत्रपतींची समाधि आहे, आणि ज्या ताराबाईंशीं त्यांचा गादीसाठीं तंटा झाला त्यांचीहि आहे. वाघापासून शाहूंचे प्राण वांचविल्याची कथा ज्याच्याविषयीं सांगतात त्या खंड्या कुत्र्याची समाधिहि मुलांस दाखवावी. इतिहासाकडे मुलें प्रथम अशाच वाटेनें येतात. मग त्यांस सांगावें कीं, मोंगलांच्या कैदेंतून १७०७ सालीं सुटून आलेल्या या राजानें जानेवारी १७०८ मध्यें साताऱ्यास राज्याभिषेक करविला, आणि पुढें चाळीस वर्षें गुजरात-माळव्यांत फिरणाऱ्या फौजांचे सरदार आपले तंटे घेऊन याच्याच पुढें येत राहिले. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू वारले. पुढच्याच वर्षीं सांगोल्याच्या करारानें कारभाराचीं सूत्रें पेशव्यांच्या हातीं, म्हणजे पुण्यास, गेलीं. मागणाऱ्यांची वाटहि पुण्याकडे वळली. ज्यांच्या न्यायाची कीर्ति पुण्यास झाली ते रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. न्याय मागावयाचें ठिकाण बदललें तेव्हां न्याय देणाराहि गांव सोडून गेला, असें मी विद्यार्थ्यांस सांगतों.

दुसऱ्या दिवशीं उजाडतां गड चढावा, आणि तो पायींच चढावा. डिसेंबर १६९९ मध्यें खुद्द औरंगजेबानें या गडास वेढा घातला. सुरुंगाच्या स्फोटांत त्याचींच माणसें मोठ्या संख्येनें गाडलीं गेलीं. तरी राजाराम महाराज वारल्यावर एप्रिल १७०० मध्यें गड त्याच्या हातीं पडला, आणि त्याचें नांव आझमतारा झालें. पुढें ताराबाईंच्या लोकांनीं तो परत घेतला. हा पराक्रम सर्वांस पाठ असतो. परंतु याच गडावर नोव्हेंबर १७५० मध्यें ताराबाईंनीं रामराजा छत्रपतींस कैदेंत टाकलें, हें सांगणारे थोडे. गडाच्या कांठावर उभें राहून खालीं शाहूंनीं वसविलेल्या शहराकडे पाहिलें कीं त्या छत्रपतींची स्थिति ध्यानांत येते. प्रत्येक नव्या पेशव्यास वस्त्रें साताऱ्याहूनच मिळावयाचीं. १७७४ सालीं सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असतां त्यांचीं पेशवाईचीं वस्त्रेंहि येथूनच पुरंदरास गेलीं. शिक्का साताऱ्याचा आणि हुकूम पुण्याचा, असा हा व्यवहार अर्धशतकाहून अधिक काळ चालला.

गड उतरल्यावर राजवाड्यापाशीं यावें, आणि येथें घाई करूं नये. फेब्रुवारी १८१८ मध्यें अष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह छत्रपति इंग्रजांच्या हातीं आले. इंग्रजांनीं त्यांस एप्रिलमध्यें साताऱ्याच्या गादीवर बसविलें. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें राज्य मिळालें. पण परराज्याशीं पत्रव्यवहार करण्याची मोकळीक नाहीं, फौज बेताची आणि शेजारीं रेसिडेंट. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ, त्यानेंच पुढें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. अशा तुटपुंज्या अधिकारांत या राजानें जें केलें तेंच साताऱ्यांत आज अधिक जिवंत आहे. त्यानें रस्ते केले, शाळा काढली, यवतेश्वराच्या डोंगरावरून शहरांत पाणी आणून हौद भरविले. साताऱ्याच्या जुन्या पेठांतून, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा अशा, दुपारीं पायीं हिंडावें आणि म्हाताऱ्या माणसांस जुन्या हौदांविषयीं विचारावें. गडाची माहिती फलकावर मिळते. पाण्याची माहिती माणसांकडूनच मिळते.

राजानें प्रजेचें ऐकलें; राजाचें ऐकणारें मात्र कोणी उरलें नाहीं. तहाप्रमाणें आपले हक्क मागूं लागतांच त्याच्यावर कटाचे आरोप आले. ऑगस्ट १८३९ मध्यें मुंबईचा गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. कबुलीच्या कागदावर सही केल्यास गादी राहील असें त्यानें सांगितलें. न केलेला अपराध कबूल करावयास प्रतापसिंहांनीं नकार दिला, आणि सप्टेंबरांत त्यांस पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें. १८४७ सालीं ते तेथेंच वारले. गादीवर बसविलेले त्यांचे बंधु शहाजी १८४८ सालीं निवर्तले, आणि औरस वारस नाहीं या सबबीवर डलहौसीनें राज्य खालसा केलें.

येथून संध्याकाळीं चार भिंतींच्या टेकडीवर जावें. राजस्त्रियांस दसऱ्याची मिरवणूक दिसावी म्हणून बांधलेली ही जागा, असें सांगतात. आतां तेथें रंगो बापूजींचें स्मारक आहे. राजाची बाजू मांडण्यासाठीं हा गृहस्थ १८४० सालीं लंडनास पोहोंचला आणि १८५३ पर्यंत तेथें राहिला. भाषा परकी, पैसा अपुरा, आणि धनी तर मध्येंच वारलेला; तरी त्यानें अर्ज, भेटी आणि सभा सोडल्या नाहींत. राजधानी साताऱ्याहून पुण्यास आणि पुण्याहून लंडनास गेली होती. तिच्या मागोमाग मागणाराहि गेला. दाद मिळाली नाहीं. १८५७ सालीं साताऱ्यास उठावाचा बेत फुटला, सप्टेंबरांत गेंडामाळावर सतरा जणांस देहदंड झाला, आणि रंगो बापूजी जे नाहींसे झाले ते पुन्हां दिसले नाहींत. एवढें ऐकून टेकडीवरून दिवे लागलेलें शहर पाहावें, आणि वाटल्यास मग पेढे घ्यावे.

येथवर माझी हकीकत इंग्रजांस दोष देऊन संपत असे, आणि श्रोतेहि त्यानें संतुष्ट होत. पण एके वर्षीं परततांना गाडी मसूरला थांबली असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, ‘सर, प्रतापसिंहांचें पाणी सर्वांस मिळत होतें काय?’ मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. राजवाड्यांत जी शाळा भरे, जिला पुढें प्रतापसिंहांचेंच नांव मिळालें, तिच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भिवा रामजी आंबेडकर हें नांव चढलें. पुढच्याच वर्षीं तो मुलगा भाऊ आणि भाचा यांच्यासह वडिलांस भेटावयास खटाव तालुक्यांतील गोरेगांवीं निघाला आणि याच मसूर स्टेशनावर उतरला. चांगले कपडे घातलेलीं हीं मुलें महार आहेत हें कळतांच कोणी गाडीवान त्यांस नेण्यास तयार होईना. दुप्पट भाडें कबूल केलें, गाडी स्वतः हांकण्याचें मान्य केलें, तेव्हां वाट सुटली. बरोबर फराळ होता. पण पाणी कोणी देईना म्हणून रात्रभर तीं मुलें उपाशीं राहिलीं. बाबासाहेबांनीं ही हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. येथें लंडनचा कोणी अधिकारी आडवा आला नव्हता. नकार देणारे आमचेच लोक होते.

त्या दिवसापासून माझ्या सातारादर्शनाचा शेवट चार भिंतींवर होत नाहीं, मसूरला होतो. न्याय नाकारला गेल्याचें दुःख आपण मोठ्यानें सांगतों; आपण नाकारलेला न्याय मात्र गाडींतून दिसतहि नाहीं, कारण तेथें गड नाहीं. विद्यार्थ्यास मीं उत्तर धाडलें आहे: ‘तुझा गुरुवार मला पटला. सुटीवर येशील तेव्हां साध्या गाडीनें साताऱ्यास जाऊं. जातांना माहुलीस उतरूं आणि येतांना थोडा वेळ मसूरला.’