मुदत : 48 तास

इक्विफॅक्स, अटलांटा. सिबिलसारखी पत-नोंदी ठेवणारी कंपनी. 2017 मध्ये तिच्याकडून 14 कोटी 79 लाख अमेरिकनांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते जावा वेब ॲप्लिकेशनमधल्या फाइल अपलोडच्या वाटेने.

7 मार्च, मंगळवार. अपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधली त्रुटी जाहीर. दुरुस्त आवृत्तीही सोबतच. अपलोडच्या विनंतीत 'कंटेंट-टाइप' चुकीचा आला की स्ट्रट्स एररचा संदेश बनवायला घेई आणि त्या भरात आलेला मजकूरच आज्ञा म्हणून चालवी. फाइल लागत नव्हती, पासवर्डही नाही. धोका : 10 पैकी 10.

8 मार्च. यूएस-सर्ट या सरकारी यंत्रणेचा इशारा कंपनीत पोहोचला.

9 मार्च. 400 हून अधिक जणांना ई-मेल : 48 तासांत पॅच लावा. ग्राहकांच्या तक्रारींच्या पोर्टलमध्ये स्ट्रट्स आहे हे ज्या डेव्हलपरला ठाऊक होतं, त्याचं नाव यादीत नव्हतं. त्याच्या वरिष्ठाचं होतं. मेल पुढे गेला नाही.

10 मार्च. बाहेरून कुणीतरी त्याच पोर्टलवर एक आज्ञा देऊन पाहिली : 'हू-ॲम-आय'. मी कोण? आज्ञा चालली. मुदतीला एक दिवस बाकी होता.

15 मार्च. स्कॅन. स्कॅनरने मूळ डिरेक्टरी पाहिली. स्ट्रट्स तिच्या पोटातल्या डिरेक्टरीत होतं. निष्कर्ष : काही आढळलं नाही.

13 मे, शनिवार. हल्लेखोर आत. सुमारे 30 वेब शेल बसवले. एका फाइलीत युजरनेम-पासवर्ड उघडे पडलेले मिळाले. त्यांवर 48 डेटाबेस उघडले. सुमारे 9,000 क्वेरी. 265 वेळा लोकांची माहिती हाती लागली.

ये-जा एन्क्रिप्टेड होती. ती उलगडून तपासणारं उपकरण जागेवरच होतं, पण त्याचं प्रमाणपत्र कालबाह्य झालं होतं. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीच्या अहवालानुसार ते 19 महिने तसंच राहिलं. उपकरणाने सगळं तसंच जाऊ दिलं.

29 जुलै, शनिवार, रात्री 9 चा सुमार. 67 नवी प्रमाणपत्रं बसवली. जवळजवळ लगेचच संशयास्पद ये-जा दिसली.

30 जुलै, रविवार, दुपारी 12.41. पोर्टल बंद केलं. 48 तासांची मुदत संपून 141 दिवस झाले होते.