सुवर्णखाण कंपन्यांची दप्तरे

सुवर्णखाण कंपन्यांची दप्तरे : सोन्याच्या शोधासाठी व उत्पादनासाठी स्थापन झालेल्या कंपन्यांनी आपल्या रोजच्या कारभाराविषयी ठेवलेल्या वह्या, हिशेब व पत्रव्यवहार यांचा संग्रह. हजेरीपट, पगारपत्रके, भांडारवही, धातुकाच्या गाळपाच्या नोंदी, कसाचे तपासणी-अहवाल आणि भागधारकांची नोंदवही ही त्याची प्रमुख अंगे होत. कंपनीचे माहितीपत्रक व सवलतीचा करार यांत अपेक्षा नमूद असते. प्रत्यक्षात काय घडले, ते ह्या दैनंदिन नोंदींवरूनच कळते.

भारतात सोन्यासाठी भांडवलाची मोठी धाव प्रथम वायनाड भागात लागली. १८७९–८१ या काळात इंग्लंडमध्ये त्यासाठी ४१ कंपन्या निघाल्या व त्यांचे नाममात्र भांडवल सु. ५० लक्ष पौंड होते. तेथील धातुकातून पुरेसे सोने न निघाल्याने बहुतेक कंपन्या अल्पावधीतच मोडीत निघाल्या. म्हैसूर संस्थानातील कोलार येथे मात्र वेगळे घडले. १८८० मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचे भांडवल संपत आले असताच, १८८३ मध्ये तिला चॅम्पियन शिरेचा समृद्ध भाग सापडला व पुढे तेथे दीर्घकाळ उत्पादन झाले. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या.

दप्तरातील सर्वांत महत्त्वाची नोंद गाळपाची. किती टन धातुक कुटले व त्यातून किती औंस सोने मिळाले, हे तीत लिहीत. साखरधंद्यात उसाच्या गाळपाबरोबर उतारा पाहतात, तसाच हा हिशेब होय. उतारा घसरला, की समभागाची किंमत उतरे. म्हैसूर संस्थानाचे स्वामित्वशुल्कही सोन्याच्या उत्पादनाशी निगडित असल्याने ह्या आकड्यांना राजस्वाच्या दृष्टीनेही महत्त्व होते. भांडारवहीत लाकूड, सुरुंगाची दारू, पारा आणि १८८७ मधील शोधानंतर प्रचारात आलेले सायनाइड यांचा खर्च नोंदला जाई. टनामागचा खर्च व टनामागचे सोने शेजारी ठेवले, म्हणजे खाणीचे भवितव्य कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट दिसे.

मजुरांची नोंद मात्र बहुधा कामाचा प्रकार, दिवस व मजुरी एवढ्यावरच थांबते. हीच नोंद त्यांच्यावरील नियंत्रणाचेही साधन होती. सोन्याची चोरी रोखण्याच्या व कामगारांवर नजर ठेवण्याच्या हेतूने कोलार येथे अंगठ्याचा ठसा घेऊन नोंदणी करण्याची सक्ती होऊ लागली, तेव्हा १९३० मध्ये कामगारांनी मोठा संप केला. वहीत आपले नाव कसे लागावे, हा त्यांच्या दृष्टीने प्रतिष्ठेचा प्रश्न ठरला.

हैदराबाद संस्थानाचा अनुभव ह्या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. १८८६ मध्ये संस्थानातील खनिजांचा शोध घेण्याची व ती काढण्याची सवलत वॉटसन व स्ट्यूअर्ट यांना मिळाली आणि तीवर लंडनमध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनी उभारली गेली. तिचे नाममात्र भांडवल दहा लक्ष पौंड होते. त्याचा फार मोठा भाग प्रत्यक्ष रोख भरणा न होता पूर्ण भरलेल्या समभागांच्या रूपाने सवलतधारकांकडे गेला. संस्थानचे अधिकारी सरदार अब्दुल हक यांनी त्यांतील आपल्या वाट्याचे समभाग, ते आपलेच असल्याचे उघड न करता, निजाम सरकारला विकले. हे प्रकरण १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवड समितीपुढे आले व समभागांच्या वाटपाची कागदपत्रे तपासल्यावरच व्यवहाराचे खरे स्वरूप बाहेर पडले.

सवलतीचे क्षेत्र संपूर्ण संस्थानभर असल्याने नळदुर्ग (नंतरचा उस्मानाबाद, आता धाराशिव) जिल्ह्यातील ढोकीसारखी गावेही कागदोपत्री तीत येत होती. वस्तुतः ढोकीची भूमी दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची. दक्षिण भारतातील सोने मुख्यतः धारवाडी खडकांतील क्वॉर्ट्‌झच्या शिरांत आढळते. बेसाल्टात ते मिळण्यासारखे नव्हते. अशा शिरा संस्थानच्या दक्षिणेस, रायचूर भागात होत्या. नळदुर्ग व रायचूर हे दोन्ही प्रदेश १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेले व १८६० मध्ये निजामाकडे परत आले, पण खनिजांच्या दृष्टीने त्यांचे भाग्य अगदी भिन्न होते. ढोकीच्या शेतकऱ्याच्या सारा संस्थानच्या ज्या तिजोरीत जाई, तिच्यातूनच हे समभाग विकत घेतले गेले, एवढाच त्याचा ह्या सोन्याशी संबंध आला.

रायचूर जिल्ह्यातील हुट्टी येथे १९०२ पासून १९२० पर्यंत उत्पादन झाले. १९४७ मध्ये तेथे हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो भाग म्हैसूर राज्यात, तर उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला. मूळ डेक्कन कंपनीला कोळशाच्या खाणींतून स्थिर व्यवसाय लाभला व १९२० मध्ये तिचे सिंगरेणी कॉलिअरीज कंपनीत रूपांतर झाले.

सुवर्णशोधाचा इतिहास बहुधा शोधक व धनिक यांच्या नावांनी सांगितला जातो. कोणाचा पैसा बुडाला, कोणाचे श्रम लागले व लाभ कोणाकडे गेला, ह्या प्रश्नांची उत्तरे मात्र कीर्द-खतावणीत व हजेरीपटातच शोधावी लागतात. म्हणून वरकरणी रुक्ष वाटणारी ही दप्तरे आर्थिक व सामाजिक इतिहासाचे मौलिक साधन ठरतात.