प्रबंधलेखन : रायगड किनारपट्टीविषयक

उरण-अलिबागपासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंतच्या पट्ट्यावर एम.ए. आणि पीएच.डी.साठी लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांचे विषय बहुधा ठरलेले असतात : आंग्रे, सिद्दी, कोळी समाज, खोती, खारभूमी, पर्यटन. विषय भलामोठा घेतला जातो आणि तिथेच घोडे अडते. ‘चरीचा शेतकरी संप’ हे नुसते क्षेत्र झाले. १९३३ ते १९३९ या काळात जमिनी पडीक ठेवलेल्या कुळांनी पोट कसे भरले, हा प्रश्न झाला. मार्गदर्शकाकडे जाताना प्रश्न न्यावा. शीर्षक मागाहून सुचते.

साधने शोधण्याआधी त्या गावावर त्या साली अंमल कोणाचा होता हे पक्के करावे, कारण कागद अंमलदाराच्या दप्तरात जातो. रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे, म्हणून त्याआधीच्या माहितीसाठी पणजीचे पुराभिलेखागार. अलिबाग आंग्र्यांचे, त्यांचे संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. मुरूड-श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात. मुंबईचे पुराभिलेखागार आणि पुण्याचे पेशवे दफ्तर यांना पर्याय नाही आणि मोडीलाही नाही. ती पहिल्याच वर्षी शिकून घ्यावी. आजच्या जिल्ह्याची हद्द जुन्या ग्रंथांना लावू नये. ‘रायगड’ हे जिल्ह्याचे नाव १९८१ चे, त्याआधीचे कुलाबा. १८८३ च्या गॅझेटियरचा कुलाबा-जंजिरा खंड चाळून घारापुरीवर काही नाही म्हणणाऱ्याने ठाण्याचा खंड उघडलेला नसतो.

मूळ साधन स्वतः का पाहावे, हे अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखावरून कळते. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला आणि हा लेख सर्वांत जुन्या मराठी लेखांच्या पंक्तीत जाऊन बसला. दुसरे वाचन शके ११३२ चे, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी अलीकडचे. लेखात केसीदेवरायाचे नाव येते, पण त्याने वाद मिटत नाही. शिलाहार राजघराण्यात केशिदेव दोन, एक अकराव्या शतकाच्या आरंभीचा, दुसरा तेराव्याच्या. विद्यार्थी बहुधा एकच साल उचलून पुढे जातो. त्याने दोन्ही वाचने, ती कोणाची आणि कशाच्या आधारे, हे मांडावे, ठशावरून अंक स्वतः पडताळावेत आणि मग आपला कौल द्यावा. कौल देता आला नाही तर तसे लिहावे. परीक्षक त्याला नापास करत नाही. लेख कोरीव आहे म्हणून त्याचे वाचनही तितकेच पक्के, हा समज मात्र घातक.

क्षेत्रकार्याचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवर आखू नये. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला साधारणपणे १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि कोळीवाड्यात माणसे भेटतात. मुंबईहून येणारी गेटवे-मांडवा लाँच मात्र पावसात बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. हंगामात पहाटे बंदरावर प्रश्नावली घेऊन उभ्या राहणाऱ्याला ‘बाजूला हो’ एवढेच उत्तर मिळते, आणि ते रास्तच आहे. मासळीचा लिलाव करणाऱ्या बायकांशी बोलल्याशिवाय मासेमारीच्या अर्थकारणावर लिहू नये. मुलाखतीला संमती घ्यावी, टिपण त्याच रात्री लिहून काढावे, माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. आगरी-कोळी बोली पुस्तकी मराठीत धुऊन घेतली की पुरावाच गेला.

लेखनाला प्रस्तावनेपासून बसू नये. ज्या प्रकरणाची साधने हाताशी आहेत ते आधी लिहावे, प्रस्तावना शेवटी. नोंदणीपूर्वी ‘शोधगंगा’वर जुने प्रबंध पाहावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. गॅझेटियरचा उतारा मराठीत उतरवून स्वतःचा म्हणून खपवला तर साम्य तपासणाऱ्या यंत्राला तो सहसा सापडत नाही, तरी चौर्य ते चौर्यच. मोडी कागदाचे लिप्यंतर दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर तेही नावानिशी सांगावे आणि मूळ कागदाची छायाप्रत परिशिष्टात जोडावी.