२, ८, १८, ३२ हे आकडे येतात कुठून? क्वांटम नंबर आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय: पहिल्या कवचात २ इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. सूत्रही येतं: कवच क्रमांकाचा वर्ग गुणिले २. पण हा 'गुणिले २' आला कुठून? त्याचं उत्तर आहे इलेक्ट्रॉनचा स्पिन.

चार नंबर, एक ओळख

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला अणू डेटाबेसच्या टेबलसारखा दिसतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनची एक रो आणि त्यात चार कॉलम:

- मुख्य क्वांटम नंबर: कवच कोणतं ते सांगतो. १, २, ३ असा वाढत जातो.
- कक्षीय क्वांटम नंबर: ऑर्बिटलचा आकार. ० पासून मुख्य नंबरपेक्षा एकने कमी इथपर्यंत. ० म्हणजे गोल एस ऑर्बिटल, १ म्हणजे डंबेलसारखं पी.
- चुंबकीय क्वांटम नंबर: ऑर्बिटलची दिशा. एस साठी फक्त ०. पी साठी −१, ० आणि +१.
- स्पिन क्वांटम नंबर: +१/२ किंवा −१/२. तिसरा पर्याय नाही.

१९२५ मध्ये वोल्फगांग पाउली यांनी नियम मांडला: एकाच अणूत दोन इलेक्ट्रॉनचे चारही नंबर सारखे असू शकत नाहीत. म्हणजे चारही कॉलम मिळून युनिक की. डुप्लिकेट एंट्री चालणार नाही!

आता दुसरं कवच मोजा. एस चं १ ऑर्बिटल, पी ची ३, एकूण ४. प्रत्येकात दोन स्पिन, म्हणून ८. चौथा कॉलम नसता तर पहिल्या कवचात एकच इलेक्ट्रॉन मावला असता आणि अख्खं पीरियॉडिक टेबल वेगळं झालं असतं. आणि पाउलींचा नियमच नसता तर सगळे इलेक्ट्रॉन सगळ्यात खालच्या पातळीवर जाऊन बसले असते. मग आपल्या ओळखीचं रसायनशास्त्रच उरलं नसतं.

स्पिन म्हणजे गिरकी नाही

१९२५ मध्येच उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडली, ती भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची. पण लॉरेंट्झ यांनी हिशोब करून दाखवला की तसं असेल तर इलेक्ट्रॉनच्या पृष्ठभागाला प्रकाशापेक्षा जास्त वेगाने फिरावं लागेल. ते अशक्य. म्हणून आज स्पिन हा वस्तुमान आणि विद्युतभार यांच्यासारखाच इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुणधर्म मानतात. तो कुठल्याही दिशेने मोजा, उत्तरं दोनच मिळतात.

पुरावा काय?

१९२२ मध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. झोत पसरला नाही, सरळ दोन भागांत फुटला. चांदीच्या ४७ पैकी एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो आणि ही त्याच्या स्पिनची करामत होती, हे नंतर कळलं.

दुसरा पुरावा कॉलेजच्या लॅबमध्येच आहे. न्यूटन रिंग्जच्या प्रॅक्टिकलला आम्ही सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर धरायचो. खरं तर ती सरासरी आहे. तिथे ५८९.० आणि ५८९.६ अशा दोन रेषा असतात आणि त्या वेगळ्या होतात स्पिनमुळेच.

फोनशी काय संबंध?

फोनच्या स्पीकरमध्ये छोटासा चुंबक असतो. त्याच्या चुंबकत्वात मोठा वाटा जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा. क्लाउडवरचे फोटो ज्या डेटा सेंटरमध्ये राहतात, तिथे आजही हार्ड डिस्क भरपूर वापरतात. डिस्कवरचा डेटा वाचणाऱ्या हेडमध्ये, वीज किती सहज वाहते ते इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर ठरतं. असा परिणाम १९८८ मध्ये शोधणाऱ्या आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ऑर्बिटलच्या चौकोनात आपण एक बाण वर आणि एक खाली काढतो ना, तोच हा चौथा कॉलम. एकाच चौकोनात दोन्ही बाण वर काढले की मार्क का जातात, हे आता लक्षात आलं असेल.