आर्थरची सीट, सावित्रीचं पाणी

लग्न झालं की ‘महाबळेश्वर की माथेरान?’ हा प्रश्न आपल्या आईबाबांच्या पिढीत ठरलेला होता. अल्बम काढून पाहा. स्वेटर घातलेली आई, गॉगल लावलेले बाबा आणि मागे धुकं. पण जोडप्याने डोंगरात जाऊन चार दिवस निवांत काढायचे, ही पद्धत आपल्याकडे तशी नवीच. त्याआधी महाबळेश्वर म्हणजे देवस्थान, कृष्णा-कोयनेसह पाच नद्यांचं उगमस्थान. तिथे जायचं ते देवदर्शनाला.

हवा खायला जायची सवय इंग्रजांची. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२९ साली हा भाग साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून घेतला आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं (लोणावळ्याजवळचं नव्हे, साताऱ्यातलं). इथली पेठ माल्कमच्या नावाची झाली, तर केट्स पॉइंटला त्याच्या मुलीचं नाव मिळालं.

महाबळेश्वर आणि माथेरान या दोन्ही ठिकाणांना जोडणारं एक घराणं आहे, मॅलेट. सवाई माधवरावांच्या काळात चार्ल्स मॅलेट हा पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता. नाना फडणवीसांशी वाटाघाटी करणारा तोच हा मॅलेट. त्याच्या मुलांपैकी ह्यू पुढे ठाण्याचा कलेक्टर झाला. १८५० साली तो माथेरानचा डोंगर चढला आणि तिथून माथेरानचं ‘हिल स्टेशन’ होणं सुरू झालं. ह्यूचा भाऊ म्हणजे आर्थर. महाबळेश्वरच्या आर्थर सीटला नाव मिळालं ते याचं.

गेल्या डिसेंबरात मी आणि नवरा तिथे गेलो, तेव्हा कठड्यापाशी एक गाइड पाच-सहा जोडप्यांना गोष्ट सांगत होता. आर्थरची बायको आणि तान्ही मुलगी खाली सावित्रीत बुडाली, म्हणून तो रोज इथे बसून नदीकडे बघत राहायचा. सगळे क्षणभर गप्प झाले. शेजारच्या मुलीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. मग सेल्फी निघाले.

गोष्टीतलं बुडणं खरं आहे. १८५३ साली बाणकोटला, सावित्री जिथे समुद्राला मिळते तिथे, होडी उलटून आर्थरची पत्नी आणि जेमतेम महिन्याची मुलगी गेली. तेव्हा घाटात रेल्वे नव्हती. मुंबईहून महाबळेश्वर गाठायचा एक मार्ग समुद्राचा होता. बाणकोटपर्यंत गलबताने, खाडीतून महाडकडे आणि मग घाट चढून वर. थंड हवेच्या वाटेवर आधी ते खारं पाणी ओलांडावं लागे.

रोज बसून राहण्याबद्दल मात्र १८८५चं सातारा गॅझेटियर काही म्हणत नाही. तिथे नावाचं कारण अगदी साधं दिलंय: या जागी पहिलं घर आर्थर मॅलेटने बांधलं, म्हणून आर्थर सीट.

मला गाइडचा राग येत नाही. फिरायला आलेल्या जोडप्यांना जोडप्याचीच गोष्ट भावते, हे त्याला पक्कं कळलेलं आहे. शिवाय नदीचं नावही असं की गोष्ट आपोआप जुळून येते. पुराणातली सावित्री यमाच्या मागे जाऊन नवऱ्याला परत आणते. इथे नवरा वर बसलाय आणि बायको परत येत नाही.

मला अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. त्या होडीत मायलेकी दोघीच नव्हत्या. त्यांच्याबरोबर तेरा खलाशी बुडाले. गाइडच्या गोष्टीत ते येत नाहीत. आठवणीत आलेच, तर ‘तेरा’ या आकड्यापुरते. आपल्या हिल स्टेशनांचा सगळा इतिहास जवळजवळ असाच सांगितला जातो. डोंगर कुणी ‘शोधला’, बंगला कुणी बांधला, पॉइंटला कुणाचं नाव पडलं, हे पाठ असतं. सुट्टीवर निघालेल्या माणसांना तिथवर पोहोचवणारे हात, म्हणजे होडीवाले, पालखीचे भोई, पुढे माथेरानला हातरिक्षा ओढणारे, हे मात्र ‘सोय’ या एका शब्दात बसवले जातात.

आर्थरचं दुःख खोटं नव्हतं. पण १८५३च्या त्या दिवशी आणखी तेरा घरांत कुणीतरी वाट बघत बसलं असणार. ती माणसं जिथे बसली, त्या जागांना नावं पडली नाहीत.

पुढच्या वेळी त्या कठड्यावर उभं राहाल तेव्हा फोटो जरूर काढा. सोबतच्या माणसाला गोष्टही सांगा. फक्त बुडालेली माणसं मोजताना पंधरापर्यंत मोजा.